लहान कुऱ्हाडीसाठीं पोलादाची निवड

शेतकऱ्याच्या घरीं जीं लोखंडी हत्यारें असतात, त्यांत कुऱ्हाडीइतका आडवातिडवा मार दुसरें कोणतेंही हत्यार सोशीत नाहीं. विळा पिकांतून ओढला जातो, खुरपें मऊ मातींत चालतें, कुदळीच्या तोंडीं बहुधा माती आणि मुरूम येतो. परंतु कुऱ्हाडीचें पातें वाळक्या बाभळीच्या गांठीवर पडतें, फटींत अडकतें, तेथून आडवें हिसकून काढलें जातें, आणि प्रसंगीं तिच्या पाठीमागच्या बोथट तुंब्यानें मेखाही ठोकल्या जातात. म्हणून ज्या पोलादाचा विळा चांगला होतो त्याचीच कुऱ्हाडही चांगली होईल असें नाहीं. असें असतांही कुऱ्हाड घडवावयाची झाली म्हणजे आपण गोठ्यामागें किंवा ट्रॅक्टरच्या छपरांत जो तुकडा हातीं लागेल तो उचलतों व लोहाराच्या ऐरणीपुढें टाकतों. पुढें धार वळली, तर लोहारानें पाणी नीट दिलें नाहीं म्हणतों. पातें तुटलें, तरीही बोल त्यालाच लावतों. माल आपला आणि दोष त्याचा, हा न्याय नव्हे. शिवाय तुटलेल्या पात्याचा कपचा एखाद्याच्या डोळ्यांत गेला, म्हणजे दोष कोणाचा हा वाद करून कांहीं परत येत नाहीं.

बाजारांत तयार कुऱ्हाडी मिळतात हें खरें. तरीपण आपल्या हाताच्या बेताची, सहाशें ते आठशें ग्रॅम वजनाची, कुंपणाच्या काट्या व झाडाच्या फांद्या तोडण्याजोगी लहान कुऱ्हाड गांवच्या लोहाराकडून किंवा बाजाराच्या दिवशीं येणाऱ्या घिसाड्याकडून घडवून घेण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. अशा कुऱ्हाडीसाठीं सळई किंवा पट्टी कोणत्या जातीची व किती घ्यावी, आणि घरीं पडलेलें जुनें लोखंड वापरावयाचें असल्यास त्याची परीक्षा कशी करावी, इतकाच या लेखाचा विषय आहे.

कर्बाचें प्रमाण

लोखंडाच्या निरनिराळ्या जातींत मुख्य भेद कर्बाचा, म्हणजे कोळशाच्या मूलद्रव्याचा होय. शंभर भागांत पाव भागापर्यंत कर्ब असला तर तें मऊ पोलाद. दुकानांत ज्यास एम. एस. म्हणतात, व ज्याच्या खिडक्यांच्या जाळ्या, फाटकें आणि अँगल होतात, तें हेंच. तें तापवून पाण्यांत बुडविलें तरी उपयोगाइतकें कठीण होत नाहीं. ०.३० पासून ०.६० टक्क्यांपर्यंत कर्ब असला म्हणजे पोलाद मध्यम समजतात. तें पाणी दिल्यावर कठीण होतें आणि तरीही त्याचा चिवटपणा बराच शिल्लक राहतो. त्याहून अधिक कर्बाचें तें तीव्र पोलाद. ह्याच्या कानशी, छिन्न्या व वस्तरे होतात. दोन टक्क्यांच्या वर गेलें कीं तें बीड झालें. तें ओततां येतें, घणाखालीं मात्र फुटतें. बिडाचा मोडका फाळ किंवा पंपाचें कवच लोहाराकडे नेऊन त्याची कुऱ्हाड करून मागणें हें निव्वळ कोळसा जाळणें आहे.

आतां कुऱ्हाडीस काय पाहिजे तें पाहूं. धारेपासून दोन बोटें रुंदीचा भाग कठीण पाहिजे, कारण तेथें लांकडाशीं गांठ आहे. नेढ्याभोंवतींचा भाग मात्र चिवट पाहिजे. तो किंचित् वांकला तर चालेल, पण तडकतां कामा नये. हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कर्ब जों जों वाढवावा तों तों धार टिकते, आणि तों तों पातें कांचेच्या स्वभावाकडे झुकतें. जितकें पोलाद कठीण तितकी कुऱ्हाड चांगली, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती येथेंच चुकते. कानशीच्या पोलादाची सबंध कुऱ्हाड केली, तर पहिल्या थंडींत ती गांठीवर पडून तिची कोर उडेल.

आपल्या जुन्या लोहारांनीं ही अडचण फार शहाणपणानें सोडविली होती. पोलाद महाग आणि दुर्मिळ असल्यामुळें ते सबंध पातें मऊ लोखंडाचें करीत, व तोंडाशीं चीर पाडून तींत तिख्याचा, म्हणजे पोलादाचा, लहानसा तुकडा बसवून आगींतच सांधीत. काटकसर आणि गुण दोन्ही त्यांत साधत. साकची येथें, म्हणजे हल्लींच्या जमशेदपुरास, टाटांच्या कारखान्यांतून १९१२ सालीं पोलाद निघूं लागलें. पुढें देशांत पोलाद मुबलक झालें, आणि सबंध कुऱ्हाड एकाच मध्यम पोलादाची करून फक्त धारेस पाणी देणें हा दुसरा मार्ग खेड्यांतील लोहारासही मोकळा झाला. मार्ग दोन्ही चांगले. परंतु पहिल्यास सांधा मारणारा कसबी हात पाहिजे, आणि असे हात आतां थोडे राहिले आहेत. म्हणून सामान्यतः मी दुसऱ्याचीच शिफारस करीन.

विकत घ्यावयाची सळई

शहरांतील पोलादाच्या दुकानीं ई.एन. ८ व ई.एन. ९ या नांवांनीं सळया मिळतात. हीं नांवें ब्रिटनमध्यें १९४१ सालीं युद्धाच्या निकडीनें पडलीं. त्या अक्षरांचा मूळ अर्थ आणीबाणीचा क्रमांक असा होता. युद्ध संपलें, मानकेंही पुढें बदललीं, पण आपल्या बाजारांत तीं नांवें राहिलीं तीं राहिलींच. ई.एन. ८ मध्यें कर्ब सुमारें ०.४० टक्के असतो, ई.एन. ९ मध्यें ०.५० ते ०.६० टक्के. भारतीय मानकांप्रमाणें ४५सी८ व ५५सी८ अशा खुणा असतात. त्यांतील पहिला आंकडा शंभरानें भागला कीं कर्बाची सरासरी टक्केवारी मिळते, शेवटचा आंकडा दहानें भागला कीं मँगनीजची. म्हणजे ५५सी८ यांत कर्ब ०.५५ व मँगनीज ०.८ टक्के. एवढें ध्यानांत ठेवलें तर दुकानदारानें कोणतीही सळई पुढें केली तरी माणूस फसत नाहीं.

लहान कुऱ्हाडीस ई.एन. ९ किंवा ५५सी८ हें माझ्या मतें सर्वांत योग्य. लोहार नवशिका असेल, किंवा कुऱ्हाड दगडगोट्यांच्या रानांत वापरावयाची असेल, तर ई.एन. ८ घ्यावें. त्याची धार लवकर बोथट होईल, पण बोथट झालेली धार दगडावर घांसून परत येते. उडालेला कपचा परत येत नाहीं. ई.एन. ३१ नांवाची सळई कोणी पुढें केल्यास ती मात्र घेऊं नये. ती बेअरिंगचें पोलाद असून तींत कर्ब सुमारें एक टक्का व शिवाय क्रोमियम असतें. यंत्रशाळेंत तिचा उपयोग मोठा आहे, गांवच्या भात्यावर ती बिघडते.

सळई घेतांना कारखान्याचा तपासणीचा दाखला मागावा, आणि त्यावरील वितळीचा क्रमांक, ज्यास दुकानदार हीट नंबर म्हणतात, तो सळईवरील खुणेशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें. ज्या जमिनीचा उतारा विकणाऱ्याजवळ नाहीं ती आपण घेत नाहीं. पोलादाची गोष्ट निराळी नाहीं. दाखल्यांत गंधक आणि स्फुरद यांचे आंकडेही असतात. शेतांत स्फुरद कितीही हितकर असला तरी पोलादांत तो वाढला म्हणजे तें थंडपणीं ठिसूळ होतें. गंधक वाढला तर तापलेलें असतांनाच घणाखालीं फाटतें. दोन्ही जितके कमी तितकें बरें.

घरीं पडलेलें लोखंड

घर बांधून उरलेल्या टी.एम.टी. सळईचे तुकडे आज प्रत्येक शेतकऱ्याच्या वाड्यांत आहेत, आणि त्यांविषयींच गैरसमज सर्वांत अधिक आहे. ही सळई वांकविण्यास जड जाते, करवतीस दाद देत नाहीं, म्हणून ती कठीण पोलादाची असावी असें वाटतें. वस्तुतः फे ५०० जातीच्या सळईंत कर्ब ०.३० टक्क्यांहून अधिक नसावा असें मानक आहे, व प्रत्यक्षांत तो बहुधा त्याहून कमी असतो. तिचा कणखरपणा येतो तो कारखान्यांत लाल सळईवर एकाएकीं पाणी मारून. त्यानें बाहेरची साल कठीण होते, आंतला गाभा मऊ राहतो व गाभ्याच्या उष्णतेनें ती साल पुन्हां चिवट होते. ही सर्व करामत भट्टींत एकदां सळई लाल झाली कीं नाहींशी होते, आणि हातीं उरतें तें जवळजवळ मऊ पोलाद. घराच्या स्लॅबला ही सळई उत्तम. कुऱ्हाडीची धार तिच्यापासून व्हावयाची नाहीं, मग लोहारानें तिला गंगेचें पाणी दिलें तरी. पातें मऊ लोखंडाचें करून तोंडीं तिखें बसवावयाचें असल्यास मात्र ती कामीं येते. तिच्या अंगावरील कंगोरे आधीं ठोकून सपाट करून घ्यावे.

दुसरा माल म्हणजे मोटारीचा कमान पाटा. विळे, कोयते व सुरे आज पुष्कळ ठिकाणीं ह्याचेच होतात, आणि तें योग्यच आहे. त्यांत कर्ब बहुधा ०.५० ते ०.६० टक्के असून जोडीला सिलिकॉन व मँगनीज, किंवा कांहीं जातींत क्रोमियम असतें. गुणानें तो कुऱ्हाडीस चालण्याजोगा आहे, परंतु तीन गोष्टी पाहाव्या लागतात. एक तर त्याची जाडी आठ-दहा मिलिमीटर, तेव्हां त्यांत नेढें फोडतां येत नाहीं. तो दुमडून घडवावा लागतो, आणि सिलिकॉन-क्रोमियममुळें दुमडीचा सांधा आगींत सहज धरत नाहीं. दुसरें, पाटा गाडींतून काढला जातो तो बहुधा मोडल्यामुळेंच. वर्षानुवर्षें लवून लवून त्यांत केंसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टाच्या भोंकाशीं व मोडीच्या जवळ. तो भाग निःसंकोच कापून टाकावा. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. हें पोलाद तेलांत थंड करावयाचें असतें. आपला लोहार प्रत्येक हत्यारास कुंडींतलें थंड पाणीच देतो, आणि पाट्याचें पातळ पातें त्यांत तडकतें. पुष्कळदां ती चीर त्या दिवशीं दिसतही नाहीं, पावसाळ्यानंतर दिसते.

जुन्या कानशींत कर्ब एक टक्क्याच्या वर असतो. सबंध कुऱ्हाडीस ती वर्ज्य, पण तोंडीं बसविण्याच्या तिख्यास फार चांगली. मात्र तिचे दांते आधीं घांसून पार काढून टाकावे, नाहींतर प्रत्येक दांत्याच्या तळाशीं चीर सुरू होते. हल्लींच्या कांहीं स्वस्त कानशी आंतून मऊ व फक्त वरून कठीण केलेल्या असतात, सबब टोंक मोडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवूं नये. रुळाचा तुकडा पोलाद म्हणून चांगला असतो यांत शंका नाहीं. पण तो आला कोठून? रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) अधिनियम, १९६६ प्रमाणें रेल्वेचा संशयास्पद माल जवळ सांपडल्यास तो कायदेशीर रीतीनें मिळाला हें दाखविण्याचें ओझें बाळगणाऱ्यावर येतें. एका कुऱ्हाडीसाठीं कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार! जस्ताचा मुलामा दिलेले नळ, पत्रे किंवा बोल्ट भट्टींत कधींच घालूं नयेत. जस्ताच्या पांढऱ्या धुरानें थंडी वाजून ताप येतो आणि भाता ओढणाऱ्या पोराच्या छातींत तो धूर आधीं जातो.

परीक्षा

ज्या तुकड्याची जात ठाऊक नाहीं त्याची परीक्षा दोन प्रकारें करावी. सहाणेच्या फिरत्या चाकावर तो टेंकवून ठिणग्या पाहाव्या. डोळ्यांवर चष्मा अवश्य पाहिजे आणि जागा थोडी अंधारी असावी. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिंवळसर व फारशा न फुटणाऱ्या असतात. कर्ब वाढेल तसतशा त्या आंखूड होतात आणि टोंकाशीं फुलबाजीप्रमाणें फुटतात. कानशीच्या ठिणग्या तर चाकाजवळच दाट फुटूं लागतात. बिडाच्या ठिणग्या आंखूड व तांबूस. नुसत्या वर्णनावरून हें कळत नाहीं. जवळ एक ज्ञात मऊ पट्टी, एक ई.एन. ९ चा तुकडा व एक जुनी कानस ठेवून आळीपाळीनें टेंकवून पाहावें, म्हणजे अर्ध्या तासांत डोळा तयार होतो.

दुसरी परीक्षा अधिक भरंवशाची. तुकड्याचें बोटभर टोंक पातळ ठोकून लाल करावें. लोहचुंबक चिकटेनासा झाला (हें सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला घडतें) कीं आणखी थोडें तापवून पाण्यांत बुडवावें. थंड झाल्यावर त्यावर कानस चालवावी. कानस धरली तर तें मऊ. घसरली तर कठीण झालें. मग तें टोंक शेगड्यांत धरून वर जाड फडकें घालून हातोडीनें मारावें. वांकलें व तुटलें नाहीं तर धारेच्या कामाचें नाहीं. लगेच कांचेसारखें तुटून आंत बारीक राखाडी कण दिसले तर कर्ब पुष्कळ आहे. कण साखरेसारखे मोठे व चमकदार दिसले तर तापविणें अति झालें, पोलादास दोष देऊं नये. पुन्हां बेतानें तापवून पाहावें. थोडेसें वांकून मग तुटलें, तर तो तुकडा कुऱ्हाडीच्या बेताचा समजावा.

किती आणि कोणत्या आकाराची

येथें थोडें गणित आहे, पण तें आणेवारीपेक्षां सोपें आहे. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्यें घेऊन त्याचा वर्ग करावा व १६२ नें भागावें, म्हणजे एक मीटर सळईचें वजन किलोग्रॅममध्यें येतें. पट्टीची रुंदी व जाडी मिलिमीटरमध्यें गुणून ७.८५ नें गुणावें व हजारानें भागावें, तेंच उत्तर. तयार पातें सातशें ग्रॅमचें पाहिजे असल्यास सुमारें साडेनऊशें ग्रॅम माल धरावा. तापविण्यांत खपली होऊन, कापण्यांत व घांसण्यांत बाकीचें जातें.

५० बाय २५ ची पट्टी मीटरला ९.८१ किलो भरते, म्हणजे तिचे ९५ मिलिमीटर पुरे. लोहाराच्या भाषेंत ही दोन इंची आठ सुती पट्टी. आठ सूत म्हणजे एक इंच. ४० मिलिमीटर व्यासाची गोल सळई मीटरला ९.८८ किलो, तिचेही तितकेच मिलिमीटर. चाळीसाची चौकोनी घेतल्यास १२.५६ किलोच्या हिशोबानें ७५ मिलिमीटर. तिन्हींत पट्टी उत्तम, कारण नेढें फोडण्यास पंचवीसची जाडी अगदीं बेताची असते. भोंक सुंभ्यानें रुंद करतांना दोन्ही अंगांच्या भिंती सात-आठ मिलिमीटर राहतात. गोल सळई बहुधा सर्वत्र मिळते, मात्र ती आधीं चपटी करावी लागते, आणि घण मारणारा दुसरा माणूस नसेल तर तेवढ्यांतच लोहाराचा दिवस जातो. कोळसा व मजुरी यांचा हिशोब केला असतां पट्टीसाठीं दोन पैसे अधिक गेले तरी तीच स्वस्त पडते.

तिखें बसविलेली कुऱ्हाड करावयाची असल्यास मऊ पोलादाची ५० बाय १० ची पट्टी १७० मिलिमीटर घ्यावी. ती नेढ्याभोंवतीं दुमडून दोन टोंकांच्या मध्यें कानशीचा किंवा ई.एन. ९ चा ५० बाय ४० मिलिमीटरचा, आठ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरून टांकणखार टाकून सांधावा. सांध्याच्या वेळीं मऊ पट्टीस जेवढा ताव लागतो तेवढा कानशीस सोसत नाहीं. पोलादांतून फुलबाज्या उडूं लागल्या कीं तें जळालें. जळालेलें तिखें कापून टाकण्याशिवाय दुसरा उपाय नाहीं.

९५ मिलिमीटरचा सुटा तुकडा सांडशींत धरणें अवघड, म्हणून सळई लांबच न्यावी आणि घडण बहुतेक झाल्यावर कापावी. दुकानदारही एवढासा तुकडा कापून देण्यास नाखूष असतो. एका मीटर पट्टींत दहा कुऱ्हाडी होतात. तेव्हां गांवांतील दहा जणांनीं किंवा सोसायटीनें मिळून एक मीटर आणणें हेंच सोयीचें. ह्यांत दुसराही लाभ आहे. सर्व माल एकाच वितळीचा असल्यामुळें लोहारानें एका चकतीवर पाणी देऊन पाहिलें कीं दहांही कुऱ्हाडींचा अंदाज त्यास मिळतो.

लोहारास पोलादाची जात तोंडीं स्पष्ट सांगावी, कारण पुढचें पाणी देणें तिच्यावरच अवलंबून आहे. ई.एन. ८ असल्यास कोमट पाणी चालतें, ई.एन. ९ व कमान पाटा यांस तेल. जळलेलें इंजिन ऑइल फार धूर करतें व भडकतें, त्यापेक्षां खाण्याचें शिळें तेल बरें, आणि भांड्याचें झांकण हाताशीं असावें. घडण संपल्यावर पातें दोनतीनदां लाल करून हवेंत आपोआप थंड होऊं द्यावें, मगच धारेकडील दोन बोटें बुडवावीं. बुडवितांना पातें वरखालीं हालवीत राहावें, नाहींतर पाण्याच्या रेघेवर चीर पडते. धार ह्या वेळीं दीड-दोन मिलिमीटर जाड असावी. पातळ करणें तें नंतर दगडावर. अंगांत राहिलेल्या उष्णतेनें घांसलेल्या भागावर आधीं गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा रंग उतरत येतो. जांभळ्यावरून निळ्याकडे झुकला कीं, म्हणजे २८० ते ३०० अंशांच्या सुमारास, तेथेंच थांबवावें. सुतार छिन्नीला गव्हाळ रंग ठेवतो, पण तो कुऱ्हाडीस ठेवूं नये.

उरलेल्या सळईच्या एका टोंकास रंग लावून त्यावर जात व वितळीचा क्रमांक लिहावा, आणि पुढील खेपेस तुकडा दुसऱ्या टोंकाकडून कापावा. रंगाचें टोंक कापलें गेलें कीं सहा महिन्यांनीं ती सळई छपरांतील इतर लोखंडांत मिसळते, आणि मग पुन्हां ठिणग्या पाहण्यापासून आरंभ करावा लागतो.